बोनेटखालचा निळा उजेड

चार वाजून दहा मिनिटांनी विनेशच्या मोबाइलवर मुरुडच्या कोळीवाड्याच्या ग्रुपवरून एक व्हिडिओ येऊन पडला आणि पनवेलमधल्या पाचव्या मजल्यावरच्या त्याच्या रविवारच्या दुपारची पार वाट लागली. अठरा सेकंदांचा व्हिडिओ. रस्त्याच्या कडेला एक पांढरी गाडी, बोनेट अर्धवट उघडलेलं, आणि आतून ज्वाळा येताहेत. कोणीतरी ओरडतंय, "मागं व्हा, टाकी फुटंल, मागं व्हा." खाली कोणीतरी लिहिलं होतं, वडखळच्या पुढे, आत्ताच. गाडीचा नंबर धुरात बुडालेला. विनेशने व्हिडिओ दुसऱ्यांदा पाहिला, तिसऱ्यांदा पाहिला, आणि मग घाईघाईने लेकीला फोन लावला. कारण पावणेतीन वाजता त्याची मनाली आणि तिचा नवरा धम्मदीप, तिच्या तोंडी नुसता दीप, अशाच एका पांढऱ्या गाडीतून चौलला जायला निघाले होते. त्यांचा रस्ता वडखळवरूनच जाणार होता. आणि त्या गाडीच्या बोनेटखाली कालच्या शनिवारी विनेशने स्वतःच्या हातांनी एलईडीच्या निळ्या पट्ट्या बसवल्या होत्या.

मनालीचा फोन बंद. ही बया फोन कधी वेळेवर चार्ज करेल तर शपथ! लहानपणी दप्तराचं तेच, डब्याचं तेच, आता फोनचं. धम्मदीपचा फोन मात्र वाजत होता. कालच त्याने आपला नंबर विनेशच्या मोबाइलमध्ये घालून दिला होता, त्यामुळे लावता तरी आला. वाजला, वाजला, आणि मग फोनमधल्या बाईने नेहमीचं पालुपद म्हटलं. विनेशने पुन्हा लावला. पुन्हा वाजला. वाजणारा फोन जळालेला नसतो, एवढं त्याला कळत होतं, पण फोन गाडीत आणि माणसं कुठे, हेही लगेच मनात आलं आणि आधीचं कळणं फुकट गेलं. तो गॅलरीत गेला. खाली सोसायटीच्या पार्किंगमध्ये पांढऱ्या गाड्या मोजल्या, एकवीस गाड्यांत नऊ पांढऱ्या. म्हणजे या मुलखात निम्म्या गाड्या पांढऱ्याच, मग तीच कशावरून असेल? हा हिशेब त्याला क्षणभर पटला. मग व्हिडिओतल्या ज्वाळा आठवल्या. त्या मागून नव्हत्या, सीटमधून नव्हत्या, थेट बोनेटमधून येत होत्या. आतल्या खोलीत त्याची बायको सुचिता झोपली होती. लेक-जावयासाठी सकाळपासून कोळंबी सोलून, तळून, रांधून दमलेली बाई. तिला उठवावं असं वाटलं आणि त्याच क्षणी अजिबात उठवू नये असंही वाटलं. उठवून सांगणार काय, की मी काल हे असं करून ठेवलंय?

खरं तर कालपर्यंत तो त्या पोराशी एक शब्द बोलला नव्हता. तीन वर्षं. मनालीने अलिबागच्या कचेरीत जाऊन लग्न केलं तेव्हा विनेश करंजाच्या बंदरात एका बोटीच्या वायरिंगवर होता. सुचिताने फोनवर सांगितलं. पोरगा मास्तर हाय, विज्ञान शिकवतो, चौलचा हाय, आणि बौद्ध हाय, असं तिने एका दमात सांगून टाकलं. विनेशने हातातली पक्कड खाली ठेवली आणि बोटीवरच्या चार खलाशांसमोर जे बोलला ते आता आठवायची सोय नव्हती. आठवत मात्र होतं. "जलो ती सोयरीक, आणि जलो त्यांचं घर." असं बोलला होता. रागात माणूस बोलतो, बोट चालू होत नाही तेव्हा इंजिनालासुद्धा शिव्या देतो, पण इंजिन काही ते मनावर घेत नाही. मनालीने घेतलं. ती आली नाही, यानेही बोलावलं नाही. सुचिता रोज फोन करायची, स्वयंपाकघरात दार लोटून, आणि विनेश टीव्हीचा आवाज मोठा करायचा, ऐकू येऊ नये म्हणून नव्हे, आपण ऐकत नाही हे तिला कळावं म्हणून. मग गुडघे गेले. बोटीच्या इंजिनघरात वाकून बसणं जमेना, आणि न्हावा शेवाला कंटेनरच्या कामावर असलेल्या पियूषने, म्हणजे थोरल्याने, पनवेलला फ्लॅट घेतला आणि आईबापांना उचलून इथे आणलं. इथे समुद्राचा वास नाही, इथे कोणाच्या बोटीचा दिवा बिघडत नाही. चौतीस वर्षं बोटींची वायरिंग केलेला माणूस दिवसभर गॅलरीत बसून लिफ्टचा आवाज मोजत बसायचा. अखेर या शुक्रवारी सुचिताने जाहीर केलं, "उद्या ती दोघं यायची हायत, ऱ्हायाला. तुमाला बोलायचं नसंल तर खाली पार्किंगमधी जाऊन बसा, पन तोंड वाकडं करून माज्या पोरीसमोर बसू नका."

आणि हा गृहस्थ खरंच जाऊन बसला की! वॉचमनची प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन खांबाच्या सावलीत. गाडी आली, मनाली उतरली, खाली वाकून पाया पडली, हा "बरी हायस ना" एवढं म्हणाला, ती वर गेली. पोरगा मात्र वर गेला नाही. डिकीतून एक खोका काढला, गाडीचं बोनेट उघडलं, आणि सासऱ्यापासून दहा पावलांवर, जणू खुर्चीत कोणी बसलंच नाही अशा शांतपणे, खोक्यातून प्रकाशाच्या पट्ट्या काढू लागला. त्यालाही वर जाऊन सासूसमोर अवघडून बसायचं नसावं. विनेश दुसरीकडे बघत राहिला. पण बघत राहणार किती वेळ? त्या मास्तरने चाकूने वायर सोलायला घेतली, आणि तांब्याच्या तारा कापल्या गेल्या, चार तारांतल्या दोन. पुन्हा सोलली, पुन्हा कापल्या. विनेशच्या दातांत कळ आली. तिसऱ्या वेळी त्याला राहवेना. "अरे, तसं न्हाय सोलत वायर!" तीन वर्षांत जावयाला उद्देशून काढलेलं हे पहिलं वाक्य. तो उठून गेला, वायर हातातून घेतली, दातांत धरली, एक झटका, आणि आवरण टोपीसारखं निघून आलं. पोरगा म्हणाला, "हे शाळेत शिकवता येणार नाही." विनेशला हसू आलं होतं, पण त्याने ते ठसक्यात घालवलं.

मग काय, चावी फिरलीच. कशाला बसवतोस हे, असं त्याने विचारलं. बोनेट बंद केल्यावर आतले दिवे कोणाला दिसणार? धम्मदीप म्हणाला, "बोनेट उघडलं की आपोआप लागतील, फ्रिजसारखे. रस्त्यात गाडी बंद पडली तर दिसायला बरं." आणि मग जरा थांबून, खरं ते बोलला, "आणि बंद असताना कोणाला नाही दिसले तरी आत आहेत हे मला माहीत असेल ना. माझ्या वडिलांची उभी जिंदगी मिठागरात गेली. सायकलसुद्धा उसनी. आमच्या घरातली ही पहिली गाडी आहे, जुनी घेतली तरी. तिचे काहीतरी लाड करावेसे वाटतात." निळाच का, असं विनेशने विचारलं. "आवडतो," पोरगा म्हणाला, आणि मग सरळ डोळ्यांत बघून, "आमचा रंग आहे." विनेश पट्टी हातात धरून बघत राहिला. बोटीला डाव्या अंगाला तांबडा दिवा, उजव्या अंगाला हिरवा, डोलकाठीवर पांढरा, हा कायदा. कोळ्याच्या बोटीला निळा दिवा कधीच नसतो. चौतीस वर्षांत त्याने हजार दिवे जोडले असतील, निळा एकही नाही, हे त्याला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं आणि उगाचच थोडं चुकल्यासारखं वाटलं.

आता हे सगळं आठवायचं कारण काय, तर त्याला एकच गोष्ट आठवायची होती आणि तीच आठवत नव्हती. फ्यूज. बॅटरीतून वायर निघाली की पहिल्यांदा फ्यूज, मग पुढचं सगळं. वायर कुठे घासली, शॉर्ट झाली तर फ्यूज उडतो, काम तिथेच थांबतं, आग लागत नाही. धम्मदीपने छोटा लाल फ्यूज आणला होता, तो विनेशच्या तळहातावर होता, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. वायर बोनेटच्या कडेने फिरवली, ते आठवत होतं. बटण बसवलं, ते आठवत होतं. धम्मदीपने वायर बांधायला प्लॅस्टिकच्या काळ्या पट्ट्यांचं पाकीट पुढे केलं, केबल टाय की काय म्हणतात ते, आणि विनेशने ते हातात घेऊन शर्टाच्या खिशात टाकलं, "हे कुरकुरीत काय कामाचं, उन्हात मोडतंय" असं म्हणून. मग वरून स्वतःची जुनी पिशवी आणली. तिच्यात जाळ्याचं, कृत्रिम धाग्याचं हिरवं सूत होतं. बोटीवर वायर त्यानेच बांधायची, जाळ्याची गाठ मारायची, लाटेवर आपटली तरी सुटत नाही. कोळ्याच्या हाताला दुसरं सुचतच नाही. त्याने दर वीतभर अंतरावर गाठ मारली, सोळा गाठी, आणि धम्मदीप त्या गाठी बघत राहिला होता, शाळेतल्या पोराने बघावं तसा. आणि नेमक्या त्याच वेळी, फ्यूज बसवायच्या वेळी, तो बॅटरी दाखवत म्हणाला, "बाबा, हे जरा धरता का?" बाबा! पियूष पप्पा म्हणतो, मनाली पप्पा म्हणते, बाबा म्हणणारं घरात कोणीच नव्हतं. सकाळपासून तो पोरगा काहीच न म्हणता, हाक टाळून, "हे बघा", "इकडे" असं बोलत होता, आणि आता सहज बोलून गेला, त्याचं त्यालाही कळलं नसावं. विनेशच्या कानात तो शब्द इतका मोठा वाजला की त्यापुढची पाच मिनिटं नुसती तो शब्दच होती. हातांनी काय केलं, हे त्याच्या डोक्याला माहीतच नव्हतं. लाल फ्यूज तळहातावर आहे, बाबा, आणि मग बोनेट बंद, पुन्हा उघडलं तर आतलं सगळं निळं, आणि दोघे दोन बाजूंना उभे. मधलं काही नाही.

त्याने खिसा चाचपला. कालचाच शर्ट, खुंटीवरून काढून आज पुन्हा घातलेला. काळ्या पट्ट्यांचं पाकीट खिशात होतं, न फोडलेलं. म्हणजे सगळी वायर सुतावर. आणि गाडीचं इंजिन म्हणजे बोटीचं इंजिन नव्हे, हे त्याला आत्ता सुचत होतं, गाडी वडखळला पोचल्यावर! बोटीत वायर लाकडाला बांधतात, इंजिन खाली, त्याला समुद्राचं पाणी फिरून थंड ठेवतं, धुराच्या पाइपाला उष्णता अडवणारा दोर गुंडाळलेला. इथे सगळं एकमेकांच्या मांडीवर बसलेलं, आणि धुराचा तो उघडा पाइप शेवटच्या दोन गाठींपासून चार बोटांवर. त्याने पिशवीतून सुताचा तुकडा काढला आणि स्वयंपाकघरात गेला. गॅसवर तवा ठेवला. तवा नुसता गरम झाला होता, भाकरी टाकावी इतकाही नाही, आणि त्याने सूत त्यावर ठेवलं. सूत वळवळलं, आखडलं, आणि हिरव्या पाण्याचा थेंब होऊन तव्याला चिकटलं. विनेश बघत राहिला. मग तुकडे टाकत गेला, दुसरा, तिसरा, जणू चौथा तरी टिकेल. वास घरभर झाला.

"काय जलतंय?" आतून सुचिता ओरडली.

"काय न्हाय."

"काय न्हाय कसं? नाकाला काय बूच लावलंय माज्या? गॅसवर काय ठेवलंय तुमी?"

"तवा तापवतंय."

"तुमी? तवा?" ती दारात येऊन उभी राहिली, केस सुटलेले, डोळ्यांत झोप. चाळीस वर्षांच्या संसारात या माणसाने गॅसवर पाणीसुद्धा ठेवलेलं तिने पाहिलं नव्हतं. तिने तव्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि तिची झोप उडाली. "काय झायलं?" त्याने गॅस बंद केला. तिने त्याच्या हातातला मोबाइल घेतला, ग्रुप उघडाच होता, व्हिडिओ आपोआप सुरू झाला, मागं व्हा, मागं व्हा. ती मटकन खाली बसली. "आपली न्हाय," ती म्हणाली. "आपली नसंल ती." आणि मग, "तुमी काल काय बसवलंत त्या गाडीत?"

हाच प्रश्न. कोणी ना कोणी विचारणारच होतं, आणि सगळ्यात आधी तिने विचारला हे बरं झालं असंही त्याला वाटून गेलं. पण त्याच्या मागे आणखी एक प्रश्न होता, तो विचारायचं तिला सुचलं नव्हतं, त्याला मात्र मघापासून कुरतडत होता. चौतीस वर्षांत शेकडो बोटी. एकीचाही फ्यूज विसरला नाही. अर्ध्या झोपेत, तापात, दर्यात उलट्या होत असताना नाही विसरला. मग नेमका याच गाडीचा कसा विसरला? जलो त्यांचं घर, असं तीन वर्षांपूर्वी जो कोणी बोलला, तो कालही त्याच्या आत बसलेला होता काय? दातांनी वायर सोलताना, गाठी मारताना, हसू ठसक्यात घालवताना, तो आत गप्प बसून वाट बघत होता काय? विनेशने आपले दोन्ही हात बघितले, उलटे केले, सुलटे केले. सोलताना लागलेला ओरखडा, तर्जनीवर जुना भाजल्याचा डाग. हातांना काही विचारता येत नाही. असं नाही, तो मनात म्हणाला, मला तो पोरगा आवडला होता. आवडला होता? हे त्याला या क्षणी, तव्याजवळ उभं राहून, पहिल्यांदा कळत होतं, आणि कळायला हीच वेळ यावी याचा त्याला संताप आला. काल त्याच पोराच्या बाजूला उभं राहून निळ्या उजेडात बघताना कळलं असतं तर त्याने सांगितलं असतं की, तुझं काम नीट झालंय, गाडी चांगली आहे, एवढं तरी.

पावणेपाचला फोन वाजला. धम्मदीपचं नाव. सुचिताने हात पुढे केला, पण विनेशने फोन आधीच कानाला लावला होता.

"पप्पा?" मनालीचा आवाज. दमलेला, धुराने बसलेला, पण तिचाच. "पप्पा, अठरा मिस्ड कॉल! काय झालं, आई बरी आहे ना?"

विनेशने तोंड उघडलं आणि त्यातून जे आलं ते त्याने ठरवलेलं नव्हतं. "दीप कुठं हाय?"

सुचिताने चमकून वर पाहिलं. पोटची पोर फोनवर आहे, आणि हा माणूस विचारतोय कोणाला? "दीप कुठं हाय, तो बोलत का न्हाय? त्याचा फोन तुज्याकडं कसा?" तो ओरडतच होता.

"आहे, आहे, पप्पा, इथेच आहे. हात धुतोय. अहो, आमच्या पुढे एक गाडी पेटली होती, आम्ही तिथेच अडकलो होतो. तिच्यातली बाई आणि दोन मुलं घाबरून थरथरत होती, मी त्यांना घेऊन झाडाखाली बसले होते, दीप बाकीच्या लोकांबरोबर माती टाकत होता. फोन गाडीतच राहिले."

"त्या गाडीतली मानसं?"

"सगळी ठीक आहेत. वेळेवर उतरली. आता पोलीस आलेत, रस्ता मोकळा होतोय."

जीव भांड्यात पडणं म्हणजे काय, हे विनेशला आज कळलं. आवाज झाल्यासारखं वाटलं, खरंच, छातीत कुठेतरी खणकन. तो सुचिताशेजारी फरशीवरच बसला, भिंतीला पाठ लावून. तिने फोन ओढून घेतला आणि लेकीला सुरुवातीलाच चार शिव्या घातल्या, चार्जरवरून, मग रडली, मग हसली, मग पुन्हा चार्जरवर आली. विनेशला ऐकू येत होतं आणि येत नव्हतं. त्याला अचानक भूक लागली होती. तव्याचा जळका वास, खालून येणारा क्रिकेटचा आरडाओरडा, लिफ्टचा तो दिवसभराचा आवाज, सगळं एकदम गोड लागत होतं. कुणाची तरी पांढरी गाडी जळून कोळसा झालीच होती, त्या माणसाच्या घरी आज काय असेल, हे त्याच्या मनात आलं आणि त्याला स्वतःच्या आनंदाची लाज वाटली, पण आनंद काही त्यामुळे कमी झाला नाही. तो तिथेच बसून राहिला, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं ते त्याने पुसलंही नाही. सुचिताने एका हाताने फोन धरला होता, दुसऱ्या हाताने त्याचा दंड.

मग फोन परत त्याच्याकडे आला. "बाबा," धम्मदीप म्हणाला. "तुम्ही घाबरलात ना फार?"

"फ्यूज," विनेश म्हणाला. "तुज्या गाडीत फ्यूज मारलाय का मी?"

"मारलाय."

"तू बगितलास?"

"आत्ताच बघितलं. ती गाडी जळताना बघितली आणि आपलंही एकदा बघावं म्हणून बोनेट उघडलं. दिवे लागले नाहीत. फ्यूज उडालेला होता. म्हणजे होता म्हणूनच उडाला."

"सूत वितललं," विनेश म्हणाला.

"थोडंसं."

"थोडंसं का सगलं? खरं सांग."

"पाइपाजवळचं सगळं. वायर खाली लोंबून पाइपाला चिकटली होती, आवरण गेलं होतं. पण फ्यूजमुळे काही झालं नाही, बाबा. तुमच्यामुळे काही झालं नाही."

विनेशने डोळे मिटले. म्हणजे हातांनी केलं होतं. डोकं त्या एका शब्दात अडकून पडलेलं असताना हातांनी आपलं काम गुपचूप उरकलं होतं, लाल फ्यूज उचलला, जागेवर दाबला, कोणाला विचारायला गेले नाहीत. आत बसलेला तो जुना माणूस, जलो म्हणणारा, त्याची हातांपर्यंत पोच नव्हती. पोच असती तर काल संधी होती. हा विचार त्याने दोनदा, तीनदा फिरवून पाहिला, कुठे भोक आहे का ते, आणि सापडलं नाही. त्याला इतकं हलकं वाटलं की तो फरशीवर पाय पसरून बसला. चूक होतीच, सूत ही चूक होती, सरळसरळ चूक, बोटीची अक्कल गाडीला लावायची चूक. पण चूक नुसती चूक असते, तिच्यात दुसरं काही नसतं, हे कळणं म्हणजे केवढी सुटका!

"चूक माजी हाय," तो मोठ्याने म्हणाला. "तू ते पाकीट दिलेलास ते मी खिशात घातलं. तुजं ऐकायला पायजे होतं."

"गाठी फार सुंदर होत्या," धम्मदीप म्हणाला. "पाइपापासून लांबच्या सगळ्या अजून तशाच आहेत. एकही ढिली नाही."

"खुळा हायस का तू? गाठीचं काय कवतिक करतोस? ते ऐक, बॅटरीवरची वायर सोडवलीस का? सोडव आधी. टोकाला टेप गुंडाल. पट्ट्या तशाच ऱ्हाऊ दे, काढू नको, मी परत जोडून देतो."

"जोडून देता?" पोराच्या आवाजात जरा नवल होतं. "म्हणजे आम्ही पुढच्या शनिवारी येऊ तेव्हा..."

"पुढच्या शनिवारी कशाला? मीच येतो. उद्या."

सुचिताने वळून पाहिलं. तिने मघापासून पदर तोंडाला लावला होता, तो तसाच राहिला. तीन वर्षांत ती दोनदा एकटी चौलला जाऊन आली होती, सुपारीच्या वाडीतलं घर, पुढे तुळस नाही पण मोगरा आहे, असं तिने आल्यावर भिंतीला सांगितल्यासारखं सांगितलं होतं, आणि विनेशने दोन्ही वेळा टीव्हीचा आवाज वाढवला होता. तो त्या घरी कधी गेला नव्हता. त्या घराचा रस्ता त्याला माहीत नव्हता.

"मी घ्यायला येतो अलिबागला," धम्मदीप घाईघाईने म्हणाला. "गाडी घेऊन."

"अजिबात न्हाय. गाडी आज सरळ घरी न्यायची, सावकाश, आणि दारात उभी करायची. मी तिथं पोचून बघितल्याशिवाय चालू करायची न्हाय. शाळेत काय ते चालत जा. मी एस.टी.नं येतो." त्याने श्वास घेतला. "उतरायचं कुठं?"

"चौलच्या नाक्यावर. कंडक्टरला सांगितलं की थांबवतो. तिथून घर थोडं आत आहे, वाडीतून वाट आहे, लगेच सापडणार नाही. पण नाक्यावर टपरी आहे, तिथे कोणालाही विचारलंत तरी दाखवतील."

"काय म्हनून इचारू?"

साधा प्रश्न होता, वाट सापडण्यापुरता. पलीकडे रस्त्यावर हॉर्न वाजत होते, कोणीतरी गाड्या पुढे काढा म्हणून ओरडत होतं. धम्मदीप तांबे, विज्ञानाचा मास्तर, पोरांना सगळ्या प्रश्नांची उत्तरं देणारा, त्याने उत्तर दिलं नाही. तांबे सरांचं घर, एवढं तो सहज म्हणू शकला असता. सुचिता फरशीवर तळहात टेकून पुढे झुकली.

"ऱ्हाऊ दे, तू सांगू नको," विनेश म्हणाला. "माज्या जावयाचं घर कंचं, आसं इचारीन."